डाग आहे, पण कुठे आहे?

पत्र:
मावशी, देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मार्गशीर्षात माझा साखरपुडा आहे. दोन हंगामांचे पैसे बाजूला टाकून तिच्यासाठी हिऱ्याची अंगठी घेतली. गोल हिरा, ५१ सेंट, सोबत जीआयएचा रिपोर्ट. क्लॅरिटी, म्हणजे हिरा आतून किती स्वच्छ ते, एसआय१, आणि खाली ‘क्रिस्टल, फेदर’ असं लिहिलंय. परवा तिचे मामा आले होते, ते मुंबईत बीकेसीच्या हिरेबाजारात आहेत. त्यांनी खिशातून भिंग काढलं, अंगठी बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “डागी आहे. आत चार-पाच काळे दिसतायत. एवढ्या पैशात व्हीएस आला असता.” बाबा म्हणतात, परत करून ये. आजी म्हणते, “डागी हिरो बोटात घालूक नको.” भाऊ विचारतो, पॉलिश करून डाग जात नाही का? आणि ती, कणकवलीला नर्स आहे, ती काहीच बोलली नाही. मला तेच जास्त लागलंय. मी फसलो का? डागामुळे किंमत किती जाते? अंगठी बदलू का?
– देवगडचा एक बागायतदार

उत्तर:
तुला अरे-तुरेच करते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर पुढचं तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. फसलेला नाहीस. आणि मामाही खोटं बोललेले नाहीत. डाग आहेच, तुझ्या रिपोर्टवर छापलेला आहे. एसआय१ म्हणजे दुसरं काय! तू वाशीला पेट्या पाठवतोस तेव्हा चिकाचा डाग पडलेलं फळ वेगळं काढतोस आणि ते वेगळ्या भावाने जातं. त्या भावाने ते घेऊन जाणाऱ्याला कोणी ‘फसलास’ म्हणत नाही. फसवणूक कधी? वरच्या थरात एक नंबरचा माल लावून खाली डागी भरला तर. तसं झालंय का, ते बघायला सोपं आहे. बिलावर लिहिलेली क्लॅरिटी, रिपोर्टवरची क्लॅरिटी आणि हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला रिपोर्टचा नंबर, ही तिन्ही जुळली पाहिजेत. नंबर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुकानदाराला भिंगाखाली दाखवायला सांग. त्याने कटकट केली तर मला पुन्हा पत्र लिही, ते उत्तर वेगळं असेल.

अंगठीवरच्या हॉलमार्कवर मात्र भिस्त ठेवू नकोस. ७५० हा आकडा सोन्याचा, १८ कॅरेटचा. हिऱ्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. सोन्याचं कॅरेट शुद्धतेचं आणि हिऱ्याचं कॅरेट वजनाचं, २०० मिलिग्रॅमचं, त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट. मी चिपळूणच्या बाजारात सासऱ्यांच्या सराफी दुकानात बावीस वर्षं बसले आणि त्यातली निदान चार वर्षं हे एवढंच समजावण्यात गेली असतील.

आता शिडी बघ. जीआयए ही अमेरिकेतली संस्था, १९३१ची. हिऱ्याची जी प्रतवारी आज सगळीकडे चालते ती तिने घालून दिलेली. पायऱ्या अकरा. सगळ्यात वर फ्लॉलेस, म्हणजे बिनडाग, मग आयएफ, म्हणजे आतून बिनडाग, मग व्हीव्हीएसच्या (अगदी बारीक डाग) दोन, व्हीएसच्या (बारीक डाग) दोन, एसआयच्या (थोडा डाग) दोन आणि तळाला आयच्या (डागी) तीन. तुझा हिरा सातव्या पायरीवर आहे. ही सगळी पायऱ्यांची गोष्ट दहापट मोठं करून बघितल्यावरची आहे, हे मामा सांगायला विसरले. नुसत्या डोळ्यांनी तळाच्या तिन्हींतला डाग दिसतो, एसआय२ मधला कधी दिसतो, कधी नाही, आणि एसआय१ मधला सहसा दिसतच नाही. म्हणजे तुझ्या वरच्या सहा पायऱ्यांवर लोक जो जादा पैसा मोजतात तो डोळ्याला न दिसणाऱ्या फरकासाठी.

तरी भाव चढतो, कारण स्वच्छ दगड सापडत नाहीत. जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर, अब्जावधी वर्षांपूर्वी तयार झालेल्या दगडात बाहेरचं काही न अडकणं हाच अपवाद. नैसर्गिक हिऱ्याच्या पोटात गार्नेट सापडतं, ऑलिव्हिन सापडतं, कधी छोटा हिराच सापडतो. हिऱ्यापोटी गारगोटी ही म्हण आपण नालायक मुलांसाठी वापरतो, भिंगाखाली ती जवळपास शब्दशः खरी आहे. मामांनी पाहिलेले ‘काळे’ म्हणजे न जळलेला कोळसा, असं आता तुला कोणीतरी सांगेल. ऐकू नकोस. काळं दिसतं ते बहुतेक वेळा ग्रॅफाइट किंवा गंधकाचं एखादं खनिज असतं. आणि निर्मळपणालाच किंमत आहे असं वाटत असेल तर प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांचा भाव विचार. तिथे व्हीव्हीएस सर्रास मिळतो आणि दर गेल्या काही वर्षांत असे उतरलेत की दुकानदारांनाच घाम फुटलाय.

एवढं सगळं सांगितलं तरी एसआय१ आणि एसआय१ सारखे नसतात, आणि माझ्या मते तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. प्रत ठरवताना डागाचा आकार, संख्या, जात, तो किती उठून दिसतो आणि कुठे बसलाय हे सगळं बघतात. एका हिऱ्यात टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, अगदी मधोमध काळा क्रिस्टल, म्हणजे आत अडकलेला खनिजाचा कण, असतो. दुसऱ्यात तसाच क्रिस्टल पांढरा असतो आणि कडेला, हिरा धरणाऱ्या सोन्याच्या काट्याखाली दडलेला. दोन्ही रिपोर्टवर एसआय१. बाजारात मात्र पहिल्याला कोणी दुसऱ्याचा भाव देणार नाही. लहान हिऱ्यांच्या रिपोर्टवर बऱ्याचदा डागांचा नकाशा नसतो, नुसती नावं असतात, तुझ्याकडे आहेत तशी. तेव्हा नकाशा तुलाच काढावा लागेल.

दहापटीचा आयग्लास, म्हणजे सराफी भिंग, घे, सराफाकडे मिळतो. दुकानाच्या दिव्याखाली बघू नकोस, त्या दिव्याखाली बाटलीची काचसुद्धा चमकते. सकाळी पडवीत बस, ऊन अंगावर नको, उजेड हवा. आधी हिरा कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या मऊ ब्रशने मागूनपुढून घासून, पुसून घे. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटव आणि अंगठी भिंगापासून इंचभर धर. हात थरथरतील, कोपरं टेबलावर टेक. एखादा ठिपका दिसला की फडक्याने पुन्हा पूस. जागा बदलली तर ती धूळ. माझ्यासमोर भल्याभल्यांनी धुळीला डाग ठरवलंय.

आता मामांचे ‘चार-पाच’. अंगठी हळूच तिरकी कर. चारही ठिपके एकदम हलले, एकदम नाहीसे झाले, एकाच अंतरावर गोल मांडल्यासारखे दिसले, तर डाग एकच आहे. हिऱ्याचा खालचा भाग आरशांसारखा असतो. त्या भागात खोलवर एक क्रिस्टल असला की पैलूपैलूंतून त्याची प्रतिबिंबं उमटतात. रिपोर्टवर क्रिस्टल एक आणि डोळ्याला पाच, हे त्यामुळे. पण इथे मी मामांच्या बाजूची आहे. असा आरशात उमटणारा डाग एसआय१ मध्ये बसत असला तरी मी तो घेणार नाही. तो नुसत्या डोळ्यांनाही काळपट झाक देऊ शकतो. हातभर अंतरावर अंगठी धरून बघ. काही टोचलं नाही तर सोड विषय. टोचलं तर बदलून घे, पण मग व्हीएससाठी हट्ट धरू नकोस. असाच एसआय१, डाग कडेला असलेला, माग. त्याला जादा पैसे पडू नयेत.

क्रिस्टलची मला एवढी चिंता नाही. तुझ्या रिपोर्टवरचा दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा आहे, फेदर. फेदर म्हणजे पीस नव्हे, चीर. पांढुरकी, पिसासारखी दिसते म्हणून नाव. हिरा कठीण आहे म्हणजे फुटत नाही, हा लोकांचा मोठा गैरसमज. ओरखडा सहसा उठणार नाही, पण लाकूड जसं रेषेत चिरतं तसा हिरा ठरावीक चार दिशांना फुटतो. चीर आत कुठेतरी असेल तर आयुष्यभर तशीच राहील, आपोआप वाढत नाही. पण ती गर्डलपर्यंत येऊन बाहेर उघडत असेल तर तिथे बसलेला जोराचा ठोका टवका काढू शकतो. मग तो हिरा सातव्या पायरीवर राहणार नाही. तेव्हा कडेने सगळीकडे भिंग फिरव, आणि फेदर कुठे संपतं ते शोध.

कडेला येत असेल तर अंगठी परत करायची गरज नाही, बसवायची पद्धत बदल. आत्ता तुझा हिरा बहुधा चार किंवा सहा काट्यांत उभा असेल. त्याऐवजी बेझल करून घे, सगळीकडून सोन्याची कड. होणारी बायको नर्स आहे ना? उंच काट्यांची अंगठी हातमोज्यात अडकते, मोजा फाटतो, आणि दिवसातून पन्नास वेळा हात धुताना कुठे ना कुठे आपटते. बेझलने कडही झाकली जाते आणि मोजाही वाचतो. फक्त बसवणाऱ्याला चिरेची जागा आधी दाखवून ठेव, तिथे दाब द्यायचा नाही. एक बरं आहे, तुझ्याकडे जीआयएचा रिपोर्ट आहे म्हणजे चिरेत काचेसारखं काही भरून ती लपवलेली नाही. तसे हिरेही बाजारात असतात, सोनाराच्या ज्योतीखाली ते भरलेलं जातं आणि चीर पुन्हा वर येते. जीआयए त्यांना प्रतच देत नाही.

भावाला सांग, पॉलिशने वरचा ओरखडा जातो, आतला डाग नाही. तो काढायचा तर दगड खाली उतरवावा लागतो. कोहिनूर १८५२ मध्ये लंडनला पुन्हा कापला तेव्हा आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरेटचा १०५.६ उरला. तुझ्याकडे ५१ सेंट आहेत. दोन सेंट गेले की ४९, आणि हिऱ्याचा दर अर्ध्या कॅरेटच्या रेषेवर उडी घेतो. डाग गेला तरी रेषेखाली आलेल्या वजनाने त्याहून जास्त घेऊन जाईल.

हेच गणित मामांच्या वाक्यालाही लाव. ‘एवढ्या पैशात व्हीएस आला असता.’ आला असता की! त्यांच्या बाजारात, सुटा दगड, घडणावळ नाही, तीन टक्के जीएसटीचं दागिन्याचं बिल नाही, दुकानाचं भाडं नाही. ती माणसं रॅपापोर्टच्या, म्हणजे हिरेव्यापाऱ्यांत चालणाऱ्या, भावयादीवरून ‘इतके टक्के खाली’ असं बोलतात. त्या यादीत तर एसआय३ अशी एक पायरी आहे जी जीआयएच्या शिडीत नाहीच, व्यापाऱ्यांनी सोयीसाठी ठेवलेली. तुझ्या दुकानात तेवढ्याच पैशात व्हीएस मागितलास तर तो तुला व्हीएस देईल, पण कुठेतरी हात आखडेल. वजन ४५ सेंट होईल, नाहीतर रंग पिवळटपणाकडे सरकेल, नाहीतर कट बिघडेल. कट मात्र सोडू नकोस. चमक पैलू कसे पाडलेत त्यावर असते. रिपोर्टवर ‘एक्सलंट’ लिहिलेला एसआय१ हा ‘फेअर’ कटच्या व्हीव्हीएसला बोटावर सहज मागे टाकतो. तू कटबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस, ते बघ. आणि रिपोर्टच्या शेवटी टीप आहे का तेही बघ. ‘इथे न दाखवलेल्या क्लाउडमुळे (बारीक ठिपक्यांच्या पुंजक्यामुळे) ही प्रत दिली आहे’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर हिरा धुरकट असू शकतो, उजेडात धरून खात्री कर.

विकायला गेलास तर किती मिळेल, हे तू विचारलं नाहीस, पण बाबांच्या मनात तेच आहे. कमी मिळेल. व्हीव्हीएस असता तरी कमीच मिळालं असतं, कारण घडणावळ, कर आणि दुकानाचा नफा परत येत नाही. तो तोटा डागाच्या नावावर मांडू नका. दुकान परत घेताना किती टक्के देणार, ते मात्र बिलावर लिहून घे. तोंडी आश्वासनं मी स्वतः बरीच दिली आहेत, त्यामुळे सांगते.

आजींना माझा नमस्कार, आणि त्यांना सांग की त्यांची शंका फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याचे दोष मोजलेत. कावळ्याच्या पायासारखी खूण ती काकपद, माशीसारखा ठिपका ती मक्षिका, केसासारखी रेघ तो केश. तो त्यांना अशुभ म्हणतो, हे खरं. पण त्याच प्रकरणात तांदळाच्या वजनावर हिऱ्याचे भावही दिलेत, आणि बुडबुडे असलेल्या, टोक फुटलेल्या, चपट्या हिऱ्यांच्या किमतीत आठव्या हिश्शाची घट सांगितली आहे. म्हणजे अपशकुन सांगणाऱ्याच्याही हातात तराजू होताच. आजींना एवढं पटेल असं नाही. न पटलं तर अंगठी ग्रामदेवतेच्या पायाशी लावून आणा, गाऱ्हाणं घाला. त्यांनाही बरं वाटेल आणि वाद मिटेल.

डागाची एक बाजू मात्र मामाही सांगणार नाहीत, कारण त्यांनी ती भोगलेली नसेल. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या दुकानात छतापर्यंत आलं. दुरुस्तीला आलेले दागिने कागदी पाकिटांत घालून तिजोरीत होते. चार दिवसांनी तिजोरी उघडली तेव्हा आत चिखल, पाकिटांचा लगदा आणि नावं गेलेली. सोन्याचे दागिने घडणीवरून ओळखले. पण दोन अंगठ्या जुळ्या बहिणींसारख्या, गोल हिरा, चाळिसेक सेंट, दोन्हींना सहा काटे, एकावरही नंबर कोरलेला नाही. एका बाईंच्या घरातला रिपोर्टही पुरात गेला होता, पण मोबाइलमध्ये बिलाचा फोटो होता, त्यावरून नंबर टाकून प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर तो परत मिळाला. नकाशात टेबलाखाली एक आडवी सुई, निडल. मी भिंग लावलं. डावीकडच्या अंगठीत चिखल पुसल्याबरोबर ती सुई दिसली. दोन्ही हिरे फ्लॉलेस असते तर आजही मी त्या दोन बायकांच्या दारात उभी राहिले असते. त्या दिवसापासून माझं मत असं झालंय की अंगठीसाठी घ्यायचा तर व्हीएस२ किंवा एसआय१ घ्यावा, ओळखीचा डाग असलेला. याला कोणी सराफ दुजोरा देईलच असं नाही.

एक गोष्ट तुमच्या घरासाठी. वर्षभराने ‘हिरा काळवंडला, डाग वाढला’ असं कोणी म्हणालं तर आधी स्वयंपाकघर आठव. हिऱ्याला तेल चटकन चिकटतं. खाणीत हिरे वेगळे काढायला ग्रीस फासलेल्या पाटावरून खडी-पाणी सोडायचे, दगड वाहून जायचे, हिरे चिकटून राहायचे. खोबऱ्याचं वाटण, बांगड्याचं तेल, केसांचं खोबरेल, सगळं हिऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसतं आणि आरशावर वाफ धरल्यासारखं होतं. आठवड्यातून एकदा साबणाचं कोमट पाणी आणि ब्रश, बस. दुकानातल्या अल्ट्रासॉनिक यंत्रात फेदरवाला हिरा टाकू देऊ नकोस.

राहिली ती. ती का गप्प बसली ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही, म्हणून तर्क करू नकोस. मामांनी चारचौघांत तुझा पाणउतारा केला म्हणून तिला लाज वाटली असेल. उंच काटे बघून मोजा कसा घालू हा विचार आला असेल. तिला भेट, अंगठी आणि आयग्लास दोन्ही तिच्या हातात दे. लहान मुलांच्या हातातली शीर शोधणारी मुलगी आहे, क्रिस्टल तुझ्याआधी शोधेल. बेझलचं तिलाच विचार. हो म्हणाली तर अंगठी कामाला टाकण्याआधी दोघांनी बसून वहीच्या पानावर एक गोल काढा, घड्याळासारखे आकडे घाला, क्रिस्टल किती वाजता आणि फेदर किती वाजता ते लिहा, आणि कडेवरच्या नंबरचा भिंगातून मोबाइलने फोटो काढून ठेवा. बेझल बसली की तो नंबर सोन्याखाली जाईल.